आभासी यंत्रे आणि स्मृतीचा हिशेब



संगणकाच्या इतिहासात वेगाची कथा पुष्कळ सांगितली जाते. जागेची कथा मात्र उपेक्षित राहते. आज तीच थोडक्यात मांडावयाची आहे.

अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या वैज्ञानिक केंद्रात रॉबर्ट क्रीझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये एक प्रयोग आरंभिला. एकच मेनफ्रेम अनेकांनी वापरावा, तरी प्रत्येकाला सबंध यंत्र आपल्या एकट्याचेच वाटावे, हा त्यामागील विचार. त्याच परंपरेतून 1972 मध्ये व्हीएम/370 ही प्रणाली आली. तीत स्मृतीतील प्रत्येक घराचा पत्ता 24 बिटांचा असे. त्यामुळे एका आभासी यंत्राला फार तर 1 कोटी 67 लाख बाइट मिळत. प्रत्यक्ष स्मृती बहुधा याहून पुष्कळ लहान असे. न मावणारी पाने चकतीवर ठेवून गरजेप्रमाणे आत-बाहेर केली जात.

या उसन्या वैभवाची परीक्षा मोठ्या सारण्यांनी घेतली. 100 बाइटांच्या 1 लाख नोंदी म्हणजे 1 कोटी बाइट. दहा जणांनी तीच सारणी आपापल्या यंत्रात आणली, की दहा प्रती होणार आणि संगणकाचा वेळ गणिताऐवजी पाने हलविण्यात जाणार. पीटर डेनिंग यांनी 1968 मध्येच या अवस्थेची मीमांसा केली होती: आज्ञावलीला त्या त्या वेळी लागणारा पानांचा संच स्मृतीत राहिला नाही, तर सारा कारभार खोळंबतो.

यावर दोन मार्ग निघाले. पहिला सामाईक खंडाचा. ग्रंथालयातील एकच शब्दकोश जसा सारा वर्ग पाहतो, तशी सारणीची एकच प्रत सर्वांनी वाचावयाची. दुसरा मार्ग पत्ता रुंदावण्याचा. 1981 मध्ये जाहीर झालेल्या 370-एक्सए रचनेत तो 31 बिटांचा झाला आणि मर्यादा 214 कोटी बाइटांपुढे गेली. परंतु 32 बिटांच्या शब्दात पूर्वी मोकळे राहिलेले 8 बिट कित्येक जुन्या आज्ञावल्यांनी स्वतःच्या खुणांसाठी वापरले होते. कालची काटकसर आज अडसर ठरली. नव्या पत्त्याचा लाभ घेण्यापूर्वी त्या दुरुस्त कराव्या लागल्या.

2000 मध्ये आयबीएमच्या मेनफ्रेमला 64 बिटांचा पत्ता लाभला. तथापि पत्ता मोठा झाला म्हणून प्रत्यक्ष स्मृती तेवढी होत नाही. जे सर्वांचे आहे ते एकदाच ठेवावे आणि लागेल तेवढेच हाताशी घ्यावे, हा त्या पिढीचा धडा म्हणूनच आजही शिळा झालेला नाही.