पेट्रा

नैर्ऋत्य जॉर्डनमधील एक प्राचीन शिलाखोदित नगर व जागतिक वारसास्थळ. मृत समुद्र आणि अकाबाचे आखात यांच्या दरम्यानच्या ओसाड डोंगररांगेत, वादी मूसा या गावालगत त्याचे अवशेष विखुरलेले आहेत. पेट्रा या ग्रीक शब्दाचा अर्थ खडक असा आहे. खुद्द नबाती लोक या नगरास ‘रक्मू’ म्हणत. तांबूस वालुकाश्मात कोरलेल्या भव्य थडग्यांसाठी ते प्रसिद्ध असले, तरी जेथे वर्षाकाठी जेमतेम १५ सेंमी. पाऊस पडतो, तेथे हजारो लोकांची वस्ती शतकानुशतके नांदली, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय.

नबाती ही मूळची भटकी अरब जमात. अलेक्झांडरचा सेनापती अँटिगोनस याच्या सैन्याने इ. स. पू. ३१२ मध्ये त्यांच्यावर स्वारी केली. तिच्या संदर्भात ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो, की हे लोक धान्य पेरीत नसत, फळझाडे लावीत नसत, मद्य पीत नसत व घरे बांधीत नसत. हा नियम मोडणाऱ्यास देहदंड होई. जमिनीखाली अरुंद तोंडाची टाकी खोदून त्यांत ते पावसाचे पाणी साठवीत आणि शत्रू आल्यास त्या टाक्यांच्या आधारावर निर्जल प्रदेशात निघून जात. ही स्वारी अखेर फसली. सु. तीन शतकांनंतर स्ट्रेबो हा भूगोलज्ञ मात्र याच लोकांच्या दगडी घरांचे व बागांचे वर्णन करतो. हे स्थित्यंतर व्यापाराने घडविले. दक्षिण अरबस्तानातील लोबान व हिराबोळ, पूर्वेकडील मसाले आणि मृत समुद्रातील डांबर यांची वाहतूक नबाती तांड्यांच्या हाती होती. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या ग्रंथात तांबड्या समुद्रावरील ल्यूके कोमे या बंदरातून पेट्रास जाणाऱ्या मार्गाचा उल्लेख असून, त्याच ग्रंथात पैठण, तेर व कल्याण या दख्खनच्या बाजारपेठांचीही माहिती येते. आरेटस चौथा (कार. इ. स. पू. ९–इ. स. ४०) याच्या कारकीर्दीत राज्य वैभवाच्या शिखरावर होते.

पूर्वेकडून नगरात येण्याचा मुख्य मार्ग सिक या सु. १·२ किमी. लांबीच्या अरुंद, उंच कड्यांच्या घळीतून जातो. घळ संपताच समोर अल्-खझना (खजिना) ही सु. ४० मी. उंचीची दुमजली कोरीव दर्शनी भिंत दिसते. हे बहुधा राजघराण्यातील थडगे असावे. माथ्यावरील दगडी कलशात फेअरोची संपत्ती दडविली आहे, अशा समजुतीने बेदूइनांनी त्यावर झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा अद्याप दिसतात. वस्तुतः तो कलश भरीव आहे. पुढे खडकात कोरलेले नाट्यगृह, राजथडग्यांची ओळ, स्तंभयुक्त राजमार्ग आणि कस्र अल्-बिंत हे बांधीव मंदिर लागते. सु. ८०० पायऱ्या चढून गेल्यावर अद्-दैर ही प्रचंड वास्तू येते. वेरूळच्या कैलास लेण्याप्रमाणे येथील कोरीव कामही माथ्यापासून खाली केलेले असून अपूर्ण राहिलेल्या थडग्यावरून ही पद्धती स्पष्ट होते. मात्र वेरूळच्या उलट, येथील अंतर्भाग बहुधा साधे व अलंकरणविरहित आहेत.

नगराचे जीवन पाण्याच्या नियोजनावर अवलंबून होते. झऱ्यांचे, विशेषतः ऐन मूसाचे, पाणी कड्यांत कोरलेल्या पन्हळींतून व खापरी नळांतून आणले जाई. त्यांचे अवशेष सिकच्या दोन्ही बाजूंस आढळतात. नळांचा उतार बेताचा ठेवून पाण्याचा दाब आटोक्यात राखला जाई. पावसाचे पाणी बंधारे व गिलावा केलेल्या टाक्यांत साठवीत. नगराच्या मध्यभागी जलाशयासह एक उद्यानही होते. अवर्षणाइतकेच भय अचानक येणाऱ्या लोंढ्यांचे होते. म्हणून सिकच्या मुखाशी बंधारा घालून व सु. ९० मी. लांबीचा बोगदा खोदून पुराचे पाणी दुसऱ्या ओढ्यात वळविण्यात आले होते.

रोमन सम्राट ट्रेजन याने इ. स. १०६ मध्ये हे राज्य खालसा केले. सागरी मार्ग व पॅल्मायरा यांच्याकडे व्यापार वळल्यामुळे पेट्राचे महत्त्व क्रमाक्रमाने घटले. ३६३ च्या भूकंपात अनेक इमारती व जलवाहिन्या उद्ध्वस्त झाल्या. तथापि नगर लगेच ओस पडले नाही. ४४६ मध्ये एका राजथडग्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले; तसेच १९९३ मध्ये दुसऱ्या एका चर्चच्या अवशेषांत सापडलेल्या सु. १४० जळक्या पपायरस गुंडाळ्यांवरून सहाव्या शतकातही येथे मालमत्ता, वारसा व कर यांचे व्यवहार चालू होते, असे दिसते. बाराव्या शतकात क्रुसेडरांनी येथे किल्ले बांधले. पुढे पाश्चात्त्यांना या स्थळाचा विसर पडला. स्थानिक बेदूइनांचा वावर मात्र कधीच थांबला नव्हता. स्विस प्रवासी योहान लूटव्हिख बुर्कहार्ट १८१२ मध्ये मुस्लिम यात्रेकरूच्या वेषात, हारूनच्या कबरीपाशी बकरा बळी देण्याच्या निमित्ताने येथे पोहोचला. शास्त्रीय उत्खननास १९२९ मध्ये आरंभ झाला.

बंधारा नामशेष झाल्याचे परिणाम आधुनिक काळात प्रकर्षाने जाणवले. एप्रिल १९६३ मध्ये सिकमध्ये शिरलेल्या पुरात वीसहून अधिक जण, बहुतेक फ्रेंच प्रवासी, मृत्युमुखी पडले. त्यानंतर जुन्या बंधाऱ्याच्या जागीच नवा बंधारा बांधून नबाती बोगदा पुन्हा उपयोगात आणण्यात आला. १९८५ मध्ये युनेस्कोने पेट्रास जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याच सुमारास येथील गुहांत राहणाऱ्या बदूल जमातीच्या कुटुंबांना उम्म सैहून या नव्या वसाहतीत हलविण्यात आले. २०१९ मध्ये पर्यटकांची वार्षिक संख्या दहा लाखांवर गेली. पाण्यातील क्षार, वारा व पर्यटकांची वर्दळ यांमुळे वालुकाश्माची झीज होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुरामुळे हजारो पर्यटकांना तातडीने बाहेर काढावे लागले. त्यामुळे दर्शनी शिल्पांच्या रक्षणाबरोबरच प्राचीन पन्हळी, टाकी व बंधारे यांची दुरुस्ती हाही येथील संरक्षणकार्याचा आवश्यक भाग ठरला आहे.