शस्त्राआधीची परीक्षा



“पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.” हे वाक्य उल्हासनगरच्या कॅम्पात ऐका, अंबरनाथ-बदलापूरच्या चाळीत ऐका, नाहीतर उसाच्या फडावर, ऐकणाऱ्या बाईची छाती धडधडतेच. २०१९ साली शासनाने बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. ८२ हजारांवर स्त्रियांत १३ हजार ८०० हून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. एवढ्या जणींना शस्त्र लागत होते, हे ठरवले कशावरून?

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. आधी पेशी बिघडतात आणि तेथून रोगापर्यंत पोचायला बहुधा कित्येक वर्षे जातात. मूळ असते एका विषाणूत. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने तो १९८३ साली दाखवून दिला व २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता बीडच्या शेजारी चला. तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा रुग्णालयाच्या साथीने तेथे ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. एका गटाची विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात सिरक्यासारखे आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला फक्त माहिती दिली. आठ वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल २००९ साली छापून आला. विषाणू-तपासणीच्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, चौथ्या गटात ६४. गट जवळजवळ सारखेच होते. त्या चौसष्टांतल्या कितीतरी जणी वाचत्या, हा विचार काही केल्या मनातून जात नाही.

पण नवी अडचण उभी राहिली. विषाणू सापडला सुमारे दहांतल्या एकीला, आणि बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. सगळ्यांवर शस्त्र चालवायचे, तर पुन्हा पिशवीचीच कथा!

इथे एक नवी खूण उपयोगी पडते. शिक्षकबंधूंनो, दंगेखोर वर्गाला आवरणाऱ्या मास्तरांच्या तोंडावर कुणी पट्टी चिकटवली, तर वर्गाचे काय होईल? पेशींची वाढ आवरणाऱ्या जनुकांवर असाच एक रासायनिक कण चिकटतो: एक कार्बन, तीन हायड्रोजन. त्याला मेथिल म्हणतात. कण फार जमले की जनुक मुके होते. २००८ साली तैवानच्या संशोधकांनी पॅक्स-१, सॉक्स-१ अशा जनुकांवर या खुणा दाखवल्या. बिघाड जितका पुढे गेलेला, तितक्या खुणा साधारणपणे जास्त. कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या पेशींवरही ही परीक्षा होते. खुणा कमी असतील, तर मूल हवे असणाऱ्या तरुण मुलीला डॉक्टरांच्या नजरेखाली थांबता येते.

ही परीक्षा अजून सर्वत्र मिळत नाही, आणि तुकडा काढून तपासण्याची जागाही तिने घेतलेली नाही. शिवाय पूर्वावस्थेत पिशवी काढावी लागतेच असे नव्हे; उस्मानाबादेत बिघडलेला भाग थंड करून वा तारेने काढून टाकत. म्हणून कुणी शस्त्र सुचवले, तर बाईने आधी एवढेच विचारावे: तुकडा तपासला का? त्याचा कागद कुठे आहे?