वाऱ्याची साक्ष : सोपारा ते तारापूर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हा सागरमार्गांची माहिती देणारा ग्रंथ लिहिला. आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा बंदराचा त्यात उल्लेख आहे. भारताकडे जाणाऱ्या जहाजांनी इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघावे, असेही तो सांगतो. नैर्ऋत्येचा मोसमी वारा जहाजांना अरबी समुद्रापार आणी आणि परतीसाठी हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्याची वाट पाहावी लागे. सोपाऱ्याची भरभराट या दोन वाऱ्यांच्या मधल्या अवकाशात झाली.

किनाऱ्यावरच्या माणसाचे वेळापत्रक मात्र नेमके उलटे होते. ज्या वाऱ्यावर परदेशी जहाज महासागर ओलांडून येई, त्याच वाऱ्याने सातपाटी-डहाणूच्या कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागत. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, तर दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो. उन्हाळ्यात खाऱ्या वाऱ्याचा जोर वाढतो. जूनमध्ये नैर्ऋत्य वारा स्थिरावला की समुद्र बंद. जुलैत हा वारा शिगेला पोहोचतो, श्रावणाच्या अखेरीस ओसरू लागतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास वर्षातील सर्वांत शांत काळ येतो. नारळी पौर्णिमेचा नारळ या उतरत्या वाऱ्याच्या वेळी समुद्राला अर्पण होतो. पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी मत्स्यप्रजननासाठी आहे. तरी तिचे दिवस वाऱ्याच्या जुन्या पंचांगातच बसतात.

फौजांनाही हेच पंचांग पाळावे लागले. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने तारापूरचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला आणि मे महिन्यात, पाऊस तोंडावर असताना, वसई पडली. शौर्याच्या वर्णनात ऋतूचा हा धाक बहुधा हरवतो.

पुढे वाऱ्याला आकडा मिळाला. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा वेधशाळा स्थापन केली आणि १८४१ पासून तेथे नियमित निरीक्षणे सुरू झाली. वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स यांनी १८७८ मध्ये मुंबई इलाख्याच्या हवामानावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोळ्यांच्या स्मरणात असलेला वारा आता तक्त्यांत उतरला.

आजचा प्रश्न या तक्त्यांच्या पुढचा आहे. समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या तर वारा टिकणार का? वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १० टक्क्यांनी घटला तर ऊर्जा सुमारे २७ टक्क्यांनी घटते. २०१८ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने १९८० ते २०१६ या काळात भारतातील पवनऊर्जेची क्षमता घटत गेल्याचे दाखवले. घट प्रामुख्याने पश्चिम भारतात आढळली. कारण असे की हिंदी महासागर तापला, जमीन व समुद्र यांच्या तापमानातील फरक कमी झाला आणि त्या फरकावर चालणारा मोसमी वारा मंदावला. म्हणजे सोपाऱ्याला जहाजे आणणारा वाराच क्षीण होत असल्याची ही साक्ष आहे.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने आपली सवय सोडू नये, साक्षीदार तपासावा. वेधशाळेभोवती इमारती उभ्या राहिल्या की वारा न बदलताही वेगमापकाचा आकडा खाली येतो. उपग्रह हा दोष टाळतात, पण त्यांची साक्ष काही दशकांचीच आहे आणि उपकरणेही बदलत गेली. शिवाय मोसमी पावसात दशकानुदशके चढउतार होतच असतात. चाळीस वर्षांचा उतार हा दीर्घ चढउताराचा एक भाग आहे की कायमचा बदल, हे ठरवायला चाळीस वर्षे अपुरी आहेत. म्हणून कुलाब्याच्या जुन्या नोंदी, त्यांतील दोषांसह, अमोल ठरतात.

एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. जुलैत ढगांमुळे सौरऊर्जा मंदावते, तेव्हाच हा वारा भरात असतो. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून ऋतू न पाहता वीज देते. पवनचक्कीला तसे जमणार नाही, पण पावसाळ्यातली उणीव ती भरून काढू शकते.

केंद्राचे समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५ मध्ये जाहीर झाले आणि प्राधान्य गुजरात व तमिळनाडूला मिळाले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये पिपावावजवळ, किनाऱ्यापासून सुमारे २३ किलोमीटरवर, लेझर किरणांनी वारा मोजणारे लिडार यंत्र बसले. तारापूरहून ती जागा वायव्येला, खंबातच्या आखाताच्या मुखापलीकडे आहे.