शिक्का खरा, पत्र खोटं

‘मिशन इम्पॉसिबल’ मालिकेतला शत्रू कुठल्या देशाचा, असं कोणी विचारलं तर पटकन उत्तर देता येत नाही. १९९६ च्या पहिल्या चित्रपटात शत्रू निघतो नायकाचा गुरूच, जिम फेल्प्स. दुसऱ्यात (२०००) नायकाच्याच हेरखात्यातून फुटलेला शॉन अँब्रोज. तिसऱ्यात (२००६) शस्त्रांचा दलाल डेव्हियन आहे खरा, पण त्याला आतून टीप देणारा मसग्रेव्ह खात्याचा साहेब आहे. पाचव्यात (२०१५) ब्रिटिश हेरखात्यातून बाहेर पडलेला सॉलोमन लेन, सहाव्यात (२०१८) सीआयएचा ऑगस्ट वॉकर. पहिल्या सहांमध्ये घरातल्या माणसाचा हात नसलेला खलनायक एकच, २०११ मधला हेंड्रिक्स. शेवटच्या दोन भागांत (२०२३ आणि २०२५) माणसाच्या जागी यंत्राची बुद्धी येते, आणि तेही अमेरिकेनंच बनवलेलं हत्यार हाताबाहेर गेलेलं. गोतास काळ कुऱ्हाडीचा दांडा.

ही मालिका मुळात अशी नव्हती. १९६६ साली ती दूरचित्रवाणीवर सुरू झाली तेव्हा शत्रू हमखास परका असे: पूर्व युरोपातला वाटावा असा एखादा काल्पनिक देश, त्याचा हुकूमशहा, त्याचे गणवेशातले सेनापती. दुसऱ्या हंगामापासून जिम फेल्प्स हाच पथकाचा प्रमुख, म्हणजे घरोघरचा नायक. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि हेरकथांचा ठरलेला शत्रूच नाहीसा झाला. मग चित्रपटवाल्यांनी जुना नायक उचलून गद्दाराच्या जागी बसवला. बाँडपटांनीही १९९५ च्या ‘गोल्डनआय’मध्ये तेच केलं, तिथला खलनायक ००६, म्हणजे ००७ चा जोडीदार. यात धंद्याचाही भाग आहे. जगभर तिकिटं विकायची असतील तर कुठल्याच देशाला शत्रू ठरवणं परवडत नाही. ‘मिशन’च्या पाचव्या भागात तर चीनच्या अलीबाबा कंपनीचा पैसा होता. गद्दाराला मात्र राजदूत नसतो, त्याच्या वतीनं निषेधाचा खलिता कोणी पाठवत नाही.

तरीही गद्दार ही १९९१ नंतरची सोय म्हणून सोडून देता येत नाही. त्याचं घराणं फार जुनं आहे, आणि त्याची एक ठळक शाखा थेट परभणी जिल्ह्यातल्या पाथरीपर्यंत येते.

पाथरी म्हटलं की आज साईबाबा आठवतात. जानेवारी २०२० मध्ये जन्मस्थानावरून वाद पेटला, शिर्डी बंद राहिली, तेव्हा हे तालुक्याचं गाव राज्यभर गाजलं. पण इतिहासकार फेरिश्ता पाथरीचं नाव घेतो ते वेगळ्या कारणानं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातली काही माणसं विजयनगरच्या मुलखात जाऊन राहिली होती. तिथे बहमनी फौजेच्या हाती एक ब्राह्मणाचा मुलगा लागला. तिमाभट त्याचं नाव. सुलतान अहमदशहानं त्याला मुसलमान करून घेतलं, हसन नाव दिलं आणि शहजाद्याबरोबर शिकायला बसवलं. मुलगा हुशार होता. वाढत वाढत तो निजाम-उल्-मुल्क झाला, तेलंगणचा तरफदार, म्हणजे प्रांताधिकारी झाला. मलिक हसन बहिरी तो हाच.

त्याचा प्रतिस्पर्धी महमूद गावान. हा इराणातल्या गिलानचा. व्यापाराच्या निमित्तानं दाभोळ बंदरात उतरला, बिदरला आला आणि पुढे राज्याचा वजीर झाला. गोवा आणि बेळगाव त्यानं बहमनी राज्याला जोडले, बिदरला मदरसा उभारला. त्याची पडकी मिनारवाली इमारत आजही बघायला मिळते. दरबारात तेव्हा दोन तट होते. एक दखनी, म्हणजे इथले, त्यांच्या बाजूला हबशी. दुसरे आफाकी, म्हणजे समुद्रापलीकडून आलेले. गावाननं दोन्ही तटांना सारखी पदं वाटून तोल राखायचा प्रयत्न केला. पण त्यानंच चार प्रांतांचे आठ प्रांत केले आणि प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. मलिक हसनचा मुलूख असा निम्म्यावर आला. वैर पेटायला एवढं पुरे होतं, देश-परदेश वगैरे नंतरचं.

आता कटाकडे जरा जवळून बघू. १४८१ साल, सुलतान तिसरा महंमदशहा आंध्राच्या मोहिमेवर, छावणी कोंडापल्लीच्या बाजूला. गावानचा शिक्का सांभाळणारा एक हबशी गुलाम होता. मलिक हसनच्या माणसांनी त्याच्याशी दोस्ती वाढवली, त्याला दारू पाजली आणि घडी घातलेला एक कागद पुढे केला. एका मित्राचा हिशेबाचा कागद आहे, बाकीच्यांचे शिक्के झालेत, तेवढा तुझ्या मालकाचा राहिलाय, असं सांगितलं. गुलामानं घडी उलगडलीसुद्धा नाही, शिक्का मारून मोकळा झाला. कागद आत कोरा होता. शिक्क्याच्या वर मजकूर नंतर चढवला: ओरिसाच्या राजाला गावानचं आमंत्रण, की सुलतान दारूत बुडालाय, सीमेवर कोणी नाही, तुम्ही चालून या.

ते पत्र सुलतानापुढे ठेवायची वेळही नेमकी साधली. तो नशेत होता आणि गावानचा मानलेला मुलगा यूसुफ आदिल छावणीत नव्हता. गावानला बोलावणं गेलं. हितचिंतकांनी सांगितलं, आज जाऊ नका, घोडे तयार आहेत, गुजरात गाठा. तो गेला. सुलतानानं आधी त्याच्याच तोंडून वदवून घेतलं की धन्याशी बेइमान झालेल्याला तलवारीचीच शिक्षा. मग पत्र दाखवलं. गावाननं शिक्का ओळखला आणि मजकूर नाकारला. सुलतानानं पुढे काही विचारलं नाही. जौहर नावाच्या हबशी गुलामाला खूण केली आणि आत निघून गेला. गावानचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं. नंतर त्याचा खजिना तपासला तर हाती लागण्यासारखं फारसं काही निघालं नाही. सुलतानाला पश्चात्ताप झाला म्हणतात. वर्षभरात तोही मेला.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. ही कहाणी आपल्याला मुख्यतः फेरिश्त्याकडून मिळते, आणि फेरिश्ता स्वतः इराणी वंशाचा. सुरुवातीला अहमदनगरला होता, १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि आदिलशाहीच्या आश्रयानं ग्रंथ लिहिला. त्या आदिलशाहीचा मूळपुरुष म्हणजे गावानचा तो मानलेला मुलगा यूसुफच. त्यामुळे यात पाथरीचा माणूस काळाकुट्ट आणि गिलानचा माणूस साधू झाला असेल, तर नवल नाही. मलिक हसनच्या बाजूनं लिहिलेली बखर असती तर तिचा खलनायक परदेशी निघाला असता. पत्र बनावट होतं यावर मात्र इतिहासकारांचा फारसा वाद नाही.

ही युक्ती मलिक हसनला सुचली यातही नवल नाही. ती इथल्या मातीत मुरलेली होती. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चाणक्य हेच करतो. नंदांचा अमात्य राक्षस याची मुद्रेची अंगठी चाणक्याच्या हेराला सापडते. राक्षसाचाच माणूस शकटदास याच्या हातून एक मोघम पत्र लिहवून घेतलं जातं, त्यावर ती मुद्रा उठते, आणि पत्र घेऊन निघालेला माणूस छावणीबाहेर ‘पकडला’ जाईल अशी व्यवस्था होते. परक्या फौजेचा प्रमुख मलयकेतू आपल्या सगळ्यात इमानी सल्लागाराला गद्दार समजतो आणि मित्रराजांना मारून टाकतो. कौटिल्याचं अर्थशास्त्रही बाहेरच्या कोपापेक्षा आतला कोप वाईट मानतं आणि दोन्हीकडून पगार खाणाऱ्या ‘उभयवेतन’ हेरांची सोय सांगतं. फरक एवढाच की नाटकात बनावट पत्र लिहिणारा नायक आहे. आपल्या बाजूनं केलं की ती नीती.

‘मिशन इम्पॉसिबल’मधला रबरी मुखवटा या अंगठीचा वारस आहे. नायक ईथन हंट दुसऱ्याचा चेहरा चढवतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. अँब्रोज ईथनचा चेहरा चढवून विमान पाडतो तेव्हा तो राक्षस ठरतो. परक्या शत्रूकडे सैन्य असतं, पैसा असतो, बाँब असतो. आपला शिक्का नसतो. तो घरातलाच कोणी देऊ शकतो, म्हणून कथेला घरभेदी लागतो. पहिल्या चित्रपटात तर शिक्का शब्दशः आहे. फेल्प्स मेला असं समजून ईथन लपलेला असतो, त्याच्यावरच फितुरीचा आळ असतो. त्याच्या हाती बायबलची एक प्रत येते. तिच्यावर शिकागोच्या ड्रेक हॉटेलचा शिक्का असतो, आणि त्या हॉटेलात फेल्प्स उतरला होता. मग जिवंत फेल्प्स समोर येतो आणि सांगतो की गद्दार दुसराच आहे, आपला वरिष्ठ किट्रिज. ईथन मान डोलवत ऐकतो आणि मनात खरा प्रकार जुळवत जातो. कोंडापल्लीला शिक्क्यानं निरपराधाचा जीव घेतला, इथे शिक्क्यानं अपराधी उघडा पडला.

मलिक हसनचा शेवटही हेरपटाला शोभेल असा झाला. गावाननंतर राज्य त्याच्याच हाती आलं. १४८६ मध्ये वारं फिरलं, तो बिदरला पळाला, आणि तिथल्या ज्या किल्लेदारावर त्याची भिस्त होती त्यानंच त्याला ठार करून मुंडकं सुलतानाकडे पाठवलं. मुलगा मलिक अहमद जुन्नरला होता. १४९० मध्ये त्यानं बहमनींशी नातं तोडलं आणि अहमदनगरची निजामशाही उभी राहिली. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याला पूर्वजांचं गाव हवंसं वाटलं. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बदल्यात दुसरा मुलूख देतो म्हणाला, इमादशहानं नाही म्हटलं, तेव्हा १५१८ मध्ये फौज पाठवून पाथरी घेतली. पुढे ती हातची गेली, परत घेतली. आणि फेरिश्ता सांगतो की गाव आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिलं. गंमत अशी की इमादशाहीचा मूळपुरुष फतहुल्लाही विजयनगरच्या मुलखातून धरून आणलेला ब्राह्मणाचा मुलगाच. पाथरीसाठी लढलेल्या दोन्ही बाजूंत परका कोण, हे सांगायला फेरिश्त्यालाही अवघड गेलं असतं.

त्याच मुलखात, सोनपेठच्या परिसरात, फेब्रुवारी १५९७ मध्ये मोगल आणि दख्खनच्या फौजांची मोठी लढाई झाली. मोगलांचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान, समोर विजापूरचा सुहेलखान. खानदेशचा राजा अलीखान मोगलांच्या बाजूनं होता. अंधार पडला तरी त्याचा पत्ता लागेना, तेव्हा मोगल सैनिकांनी ठरवून टाकलं की तो शत्रूला मिळाला, आणि त्याची छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी रणात त्याचं प्रेत सापडलं. तो त्यांच्याच बाजूनं लढताना पडला होता.

मराठी माणसाला फितुरीच्या कथा सांगाव्या लागत नाहीत. १६८९ मध्ये रायगड पडला आणि सूर्याजी पिसाळ हे नाव कायमचं शिवी होऊन बसलं. परक्या सेनापतीचं, झुल्फिकारखानाचं नाव शाळेतल्या मुलाला आठवत नाही. संभाजी महाराजांना पकडून देणारी खबर कोणी फोडली याबद्दल इतिहासकारांत आजही एकमत नाही. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ हा चित्रपट आला, त्यानं शिर्के घराण्यातले दोन फितूर दाखवले, शिर्क्यांच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. राजदूत नसलेल्या गद्दाराला निदान भाऊबंद असतात.

आपल्याकडच्या हेरपटांचंही तेच चाललंय. ‘पठाण’मधला (२०२३) जिम मूळचा ‘रॉ’चाच अधिकारी, ‘टायगर ३’मधला आतिश आयएसआयमधून बाहेर पडलेला. विलायतेला तरी किम फिल्बीचा खरा घाव होता. अंबाल्यात जन्मलेला हा ब्रिटिश हेर १९६३ मध्ये मॉस्कोला पळाला, आणि तिथल्या हेरकथा आजवर त्यातून सावरलेल्या नाहीत. आपल्याला आठवायला हवं ते उलटं प्रकरण. १९९४ मध्ये इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली. आरोपात तथ्य नसल्याचं सीबीआयनं १९९६ मध्ये सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं ५० लाखांची भरपाई द्यायला सांगितली ती २०१८ मध्ये. त्यांना निदान भरपाई मिळेपर्यंत जगता आलं.

पुढच्या हेरपटाला जाल तेव्हा खलनायक कुठल्या देशाचा ते सावकाश बघा. गद्दारीचा पहिला कागद कोणी आणून दाखवला आणि त्याचा मुलूख कोणी निम्म्यावर आणला होता, तेवढं आधी बघून ठेवा.