न बोलणाऱ्यांची अक्षरे

आपल्यापैकी जे बालमंदिरात शिकले, त्यांना खरखरीत कागदातून कापून पुठ्ठ्यावर डकवलेली अक्षरे आठवत असतील. बाई बोट धरून त्यावरून फिरवायच्या. ही अक्षरे कोठून आली, हे फारसे कोणी विचारत नाही. ज्यांना आपण कालपरवापर्यंत ‘येडा’, ‘मंद’, ‘मुका’ म्हणून कोपऱ्यात बसवत होतो, अशा मुलांना शिकवण्याच्या खटपटीतून ती आली. त्याच वंशावळीविषयी आज थोडे लिहितो.

1800 च्या जानेवारीत दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों भागात रानात वाढलेला एक मुलगा लोकांच्या हाती लागला. वय अकरा-बारा, अंगावर सदऱ्याच्या चिंध्या, तोंडात शब्द नाही. त्याला पॅरिसच्या मूकबधिरांच्या शाळेत आणले. पिनेल हे त्या काळचे मानसरोगांचे सर्वांत मोठे वैद्य; त्यांनी हा जन्मजात जडबुद्धी आहे, सुधारणार नाही, असा निर्वाळा दिला. इतार नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरला तो पटला नाही. त्याने मुलाला आपल्याकडे घेतले. ‘ओ’ हा स्वर ऐकला की पोर मान वळवी, म्हणून त्याचे नाव ठेवले व्हिक्तोर. त्याचे खाणेपिणे, न्हाणे-झोपणे पाहिले ते मादाम गेरँ या बाईंनी. इतिहासात त्यांना दोन ओळीसुद्धा धड मिळत नाहीत, म्हणून नाव मुद्दाम लिहिले.

इतारला हवी होती वाचा. दुधाला फ्रेंचमध्ये म्हणतात ‘ले’. व्हिक्तोर तो शब्द बोलू लागला, पण दूध हातात पडल्यावर, आनंदाने. मागण्यासाठी कधीच नाही. इतार निराश झाला. मग धातूची अक्षरे करून घेतली आणि त्या शब्दाची चार अक्षरे जुळवली की दूध, असा क्रम सुरू झाला. वेधशाळेजवळच्या एका ओळखीच्या घरी हा मुलगा दूध प्यायला जात असे. एके दिवशी कोणी न सांगता त्याने ती चार अक्षरे खिशात घातली, तेथे पोचल्यावर टेबलावर मांडली. बोलणे न आलेल्या मुलाने आपली भाषा खिशातून नेली!

इतारने 1801 आणि 1806 मध्ये दोन अहवाल लिहिले. वाचा काही आली नाही, शेवटी त्याने तो नाद सोडला. व्हिक्तोर 1828 साली मादाम गेरँकडेच वारला. पुष्कळ लेखक हा प्रयोग फसला असे लिहितात. मला ते मान्य नाही. तोंडातून शब्द काढणे एवढेच यश धरले, तरच तो फसला.

इतारचा शिष्य सेगँ. त्याने अशा मुलांसाठी शिक्षणाची रीतसर पद्धत बसवली आणि पुढे तो अमेरिकेस गेला. या दोघांचे ग्रंथ रोममध्ये मारिया मॉन्टेसरी या तरुण डॉक्टरबाईंनी अभ्यासले, मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांवर ती साधने वापरली आणि 1907 मध्ये साध्यासुध्या मुलांसाठी बालगृह उघडले. तेथून हा प्रवाह भावनगरला गिजुभाईंकडे आला आणि ताराबाई मोडकांच्या हातून मराठी बालवाडीत. गंमत अशी, की अक्षरे आपल्या मुलांना मिळाली आणि ज्यांच्यासाठी ती घडली ती मुले मात्र बालवाडीच्या दाराबाहेर राहिली. मुंबईत 1944 साली वकील दांपत्याने आपल्या जय या मुलीसाठी शाळा काढली, तेव्हा अशा मुलांसाठी दारे फार थोडी होती.

1943 मध्ये अमेरिकेत कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन केले. तेव्हापासून ऑटिझम हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला. त्यांतली आठ मुले बोलत, पण स्वतःला ‘तू’ म्हणत. आपल्याकडेही मूल पाणी हवे असताना ‘तुला पाणी हवंय का?’ असे आईच्याच सुरात म्हणते. घरचे हसतात. अहो, ते मागणे आहे.

आणखी एक चमत्कारिक कथा. चार्ल्स ब्लिस हा नाझींच्या छळछावण्यांतून सुटून शांघायला पोचलेला रसायन अभियंता. चिनी लिपी पाहून त्याला सुचले, की चित्रचिन्हांची एक भाषा केली तर राष्ट्रे भांडणार नाहीत. 1949 मध्ये त्याने ती छापली. राष्ट्रांनी ढुंकूनही पाहिले नाही. 1971 मध्ये टोरांटोच्या शिक्षकांनी ती सेरेब्रल पाल्सीच्या मुलांपुढे ठेवली आणि मुले बोटाने, नजरेने वाक्ये करू लागली. पुढे शिक्षकांनी चिन्हे बदलली म्हणून ब्लिस त्यांच्यावरच संतापला, ते असो. मात्र एक सावधगिरी: मुलाचा हात धरून टंकलेखन करवण्याची जी पद्धत 1990 च्या सुमारास गाजली, ती चाचण्यांत टिकली नाही. लिहिणारा मदतनीसच निघाला.

आता आपल्या घरातले. बेळगावात घरी मराठी, रस्त्यावर कानडी, शाळेत इंग्रजी. इंदूर-बडोद्याकडे नावे बदलतील, गोष्ट हीच. अशा घरात मूल उशिरा बोलले की हमखास सल्ला मिळतो: एकच भाषा ठेवा, शाळेची. मराठी बंद होते. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून आजी गप्प होते, आणि मुलाशी दिवसभर बोलणारे जे एकच माणूस होते तेही जाते. कॅनडात डाउन सिंड्रोम असलेल्या दोन भाषांतल्या मुलांची पाहणी झाली, तीत दुसऱ्या भाषेने नुकसान झाल्याचे दिसले नाही.

मी होमिओपॅथ. आमच्या गोळ्यांनी वाचा फुटत नाही, हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगतो आणि कानांची तपासणी व वाचा-उपचार यांसाठी पाठवतो. जैन ग्रंथांत जीवाच्या सहा पर्याप्ती सांगितल्या आहेत. त्यांत भाषा आणि मन ही दोन वेगळी मोजलेली आहेत. त्यावरून आजचे विज्ञान काढायचे नाही, पण दवाखान्यात ती मोजणी मला वारंवार आठवते.

पुष्कळ घरांत आता चित्रांची पाटी करतात. पाणी, जेवण, शू, दूध, आई. ‘नको’चा चौकोन बहुतेक पाट्यांवर नसतो. मी पेन घेऊन तो आधी काढतो, मग बाकीचे बघू म्हणतो.