पवनीचा स्तूप आणि परंपरेचा प्रश्न

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्त उत्खनन केले. जैन भिक्षुसंघाच्या इतिहासाचे अभ्यासक डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी त्याचा वृत्तान्त १९७२ साली प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप होता, हे त्यायोगे निश्चित झाले. कठड्याच्या शिलांवरील ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे आढळतात.

तथापि या शोधाचे महत्त्व केवळ प्राचीनतेत नाही. १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातील पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर पराभूत झाले. १९५६ साली नागपुरास त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. म्हणजे स्तूप उजेडात आला, तेव्हा भोवतालच्या वस्त्यांत बुद्धवंदना सुरूही झाली होती.

यावरून अखंड परंपरेचे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु स्तूपाचे अवशेष तेवढे सिद्ध करीत नाहीत, आणि संशोधकाने ते स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यामुळे नवबौद्धांच्या श्रद्धेस उणेपणा येत नाही; कारण तिचा आधार वारसा नसून समतेसाठी विचारपूर्वक केलेली निवड हा होय.