कंदिलाचा उजेड

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास अनेक महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि वस्त्यांतल्या वाचनालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. मुले-मुली पहाटेपासून रात्रीपर्यंत पुस्तक घेऊन बसतात. अभिवादनाचा हा प्रकार हारतुऱ्यांपेक्षा कितीतरी चांगला. पण त्याच्या आडून एक समज आपल्यात रुजत चालला आहे, आणि तो तपासून घेतला पाहिजे. समज असा की एकाग्रता ही ज्याच्या-त्याच्या जिद्दीची बाब आहे. परिस्थिती कशीही असो, मन घट्ट असले म्हणजे झाले. मग शिष्यवृत्ती रखडल्याची तक्रार घेऊन एखादा विद्यार्थी आला, की त्याला ऐकवले जाते, "बाबासाहेबांनी दिव्याखाली बसून अभ्यास केला, तुला काय धाड भरली आहे?" ज्यांनी आपल्यासाठी दार उघडले, त्यांचे चरित्रच आपल्या लेकरांच्या तोंडावर दार लावण्यासाठी वापरले जाते. म्हणून त्या दिव्याखाली नेमके काय घडले होते, हे इतिहासाला विचारले पाहिजे.

त्या काळोखाविषयी आणि त्या दिव्याविषयी बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे आठवणींचे टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने छापले. त्यात बडोद्याचा प्रसंग आहे. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून १९१७ साली ते परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा कोणी देईना. अखेर पारशी नाव धारण करून, दिवसाला दीड रुपया भाडे कबूल करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. वरच्या मजल्यावर मोठा दिवाणखाना होता, अडगळीने भरलेला. वीज नव्हती. राखणदार एक लहानसा कंदील आणून देई. त्याचा उजेड काही इंचांपलीकडे पोहोचत नसे. बोलायला माणूस नव्हते, म्हणून बाबासाहेब पुस्तकांच्या सोबतीला गेले आणि वाचत राहिले. वाचता वाचता एकटेपण विसरले, असे ते सांगतात.

चरित्र सांगणारे बहुधा येथेच थांबतात. बाबासाहेब थांबत नाहीत. त्या दिवाणखान्यात वटवाघळांनी घर केले होते. त्यांचा चीत्कार आणि फडफड मन पुन्हा पुन्हा उडवून लावी, अंगावर शहारे येत, हेही ते त्याच ठिकाणी नोंदवतात. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. कामाठी बागेत काही तास बसून त्यांनी मुंबईची गाडी धरली. नोकरी गेली.

म्हणजे पाहा, जिद्द होती, विद्वत्ता होती, कोलंबियाचे शिक्षण होते, कंदील होता, पुस्तकही होते. आणि तरीही बडोद्यात अभ्यास टिकला नाही. तो टिकू दिला गेला नाही. जातिव्यवस्था अंगावर काठी घेऊन येते ते अकराव्या दिवशी. पहिले दहा दिवस ती मनाचा ताबा मागत असते. आपल्याला कोणी ओळखेल काय, उद्या जागा राहील काय, या चिंतेत डोक्याचा निम्मा भाग गुंतवून ठेवणे हीही लुबाडणूकच आहे. श्रम लुबाडले जातात तसे लक्षही लुबाडले जाते.

मग अपुरा राहिलेला अभ्यास पुरा झाला कसा? येथे कथा सोडून हिशेब पाहावा लागतो. १९१८च्या नोव्हेंबरात बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पगारातून पैसे साठवू लागले. शाहू महाराजांनी मदत दिली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. ज्या समाजातल्या माणसांनी काठ्या उगारल्या, त्याच समाजातला एक माणूस पाठीशी उभा राहिला, हेही विसरू नये. एवढी जुळवाजुळव झाल्यावर जुलै १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेथे अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात त्यांनी दिवसच्या दिवस काढले. १९२१ साली एम. एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२मध्ये डी. एस्सी.चा प्रबंध सादर झाला. परीक्षकांना त्यातली टीका झोंबली. प्रबंध फिरून लिहावा लागला. तोवर पैसे संपले होते. १९२३मध्ये ते मुंबईला परतले आणि परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांच्या संसारात बसून त्यांनी ते काम पुरे केले. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ त्याच वर्षाअखेर प्रसिद्ध झाला.

हे मन कशाला धरून होते, तेही पाहण्यासारखे आहे. बडोद्याचा अपमान विसरण्यासाठी त्यांनी वाचन चालू ठेवले असते, तर ते केव्हाच थकले असते. त्यांच्यापुढे स्वतःच्या दुःखाहून मोठा प्रश्न होता. साम्राज्य सरकार चलन कसे हाताळते आणि रुपयाची क्रयशक्ती ढळली की भार कोणावर पडतो, हा तो प्रश्न. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती याच अभ्यासाच्या बळावर. संकटात मन स्थिर ठेवा म्हणून ते स्थिर राहत नाही. त्याला धरायला काम लागते, आणि ते काम आपल्या एकट्याच्या सुखदुःखापलीकडचे असावे लागते.

या हिशेबात एक नाव नेहमी तळटीपेत ढकलले जाते. लंडनच्या ग्रंथालयातील प्रत्येक तासाला परळच्या खोलीतला एक तास जोडलेला आहे. तो रमाबाईंचा. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले. राजरत्न १९२६च्या जुलैत गेला. पती परदेशी, घरात दारिद्र्य, आणि मुलांचे मरण डोळ्यांपुढे. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. मित्र नसलेल्या, ददातीच्या त्या दिवसांत रमाबाईंनी शांत धैर्याने आपल्याबरोबर सोसले, ही कृतज्ञता त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत नोंदवली. एका माणसाच्या एकाग्रतेचे मोल दुसऱ्याने चुकते केले होते, आणि हे त्यांना ठाऊक होते. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांत आजही हे मोल कोण भरते, हा प्रश्न ज्याने-त्याने आपल्या उंबऱ्याच्या आत विचारावा.

बाबासाहेबांनी आपल्या अनुभवातून कोणता निष्कर्ष काढला, तो त्यांच्या पुढील कार्यात दिसतो. 'मी सोसले, तुम्हीही सोसा' असे ते म्हणाले नाहीत. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५च्या जानेवारीत सोलापूरला तिचे वसतिगृह उघडले. केंद्र सरकारात मंत्री असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळवला. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय उभे राहिले. धर्मशाळेतून हाकलला गेलेला माणूस आयुष्यभर वसतिगृहे आणि ग्रंथालये बांधत राहिला. वटवाघळांच्या खोलीवरचे त्यांचे उत्तर ते हेच.

शेवटच्या ग्रंथात त्यांनी हाच विचार धम्माच्या भाषेत मांडला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' यात समाधी आणि सम्यक समाधी यांत त्यांनी भेद केला आहे. नुसती समाधी मनातले अडथळे तात्पुरते थोपवते. सम्यक समाधी मनाला कुशल कर्माचा विचार करण्याची सवय लावते. डोळे मिटून जगाकडे पाठ फिरवणे त्यांना अभिप्रेत नाही. एकाग्रतेची कसोटी तिच्यातून निघणाऱ्या कर्मात आहे.

हैदराबाद विद्यापीठातील संशोधक रोहित वेमुला यांना डिसेंबर २०१५मध्ये वसतिगृहाबाहेर काढण्यात आले. १७ जानेवारी २०१६ रोजी त्यांनी जीवन संपवले. सात महिन्यांची पाठ्यवृत्ती मिळायची आहे, असे त्यांच्या अखेरच्या पत्रात होते. बडोद्याची धर्मशाळा आणि हे वसतिगृह यांत जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. त्या तरुणाला मनोनिग्रहाचा उपदेश कोण करणार?

म्हणून अठरा तासांचा उपक्रम जरूर व्हावा. पण एकोणिसावा तास आपण राखून ठेवावा. आपल्या गावच्या वसतिगृहात दिवे लागतात का, शिष्यवृत्ती वेळेवर पोहोचते का, कोणाच्या खोलीच्या दारावर काय लिहिले जाते, हे पाहण्यासाठी. शिक्षकांनी पाहावे, कार्यकर्त्यांनी पाहावे. विद्यार्थ्याला पुस्तकावर मन लावायला सांगण्याचा अधिकार त्यानंतरच आपल्याला येतो.